पानाच्या ठशाचा टांगता दिवा: उजेड आरपार यायला कोणती माती?

सुरंगी, कुडाळ
नमस्कार मंडळी. मी स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजायच्या दणकट मातीच्या) बशा, वाडगे करते. आता टांगता दिवा करायचाय. मातीवर पान दाबलं की ठसा सुरेख उठतो, पण आत बल्ब लावला की शेड नुसती काळी दिसते. शिरांतून उजेड यायला हवा, आणि भोकं पाडायची नाहीत. भट्टी १२५०° पर्यंत जाते. माती बदलू का?

भट्टीवाली, पुणे
बदलाच. स्टोनवेअर कितीही पातळ लाटलं तरी त्यातून उजेड झिरपत नाही, ते काम पोर्सिलेनचं, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचं. तुमच्या भट्टीच्या तापमानाला पिकणारी, म्हणजे पूर्ण भाजून घट्ट होणारी घ्या आणि जाडी २-३ मिमीच ठेवा. पान पेरूचं किंवा सागाचं, आणि मागची बाजू मातीवर, कारण शिरा तिकडे उठून असतात. शीर दबते तिथे माती पातळ होते, म्हणून दिवा लावल्यावर शिराच उजळतात. बंद असताना पांढरी शेड, लावली की अख्खं पान! मला या कामात याहून आवडतं असं काही नाही. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावू नका. भाजून झाल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासा.

सुरंगी, कुडाळ
वा! आणि होल्डरचं भोक? भाजल्यावर लहान होणार ना?

भट्टीवाली, पुणे
होणारच. आधी मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारून पट्टी पूर्ण तापमानाला भाजा. रेघ ८.७ सेंमी भरली तर माती १३ टक्के आकसली. मग ४० मिमीचं भोक हवं असेल तर ओल्या मातीत ४६ मिमीचं कापायचं. पातळ पोर्सिलेन भट्टीत मऊ पडून वाकतं, म्हणून खाली त्याच मातीची चकती ठेवा. ती शेडबरोबरच आकसते.

लाकूडकाम, नाशिक
आकार ठरवताना बल्बपासून सुरुवात करा. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा १९५८ चा 'आर्टिचोक' दिवा बघा. ७२ धातूची पानं अशी रचलीत की कुठूनही पाहा, बल्ब डोळ्यांवर येत नाही. पान तिथे शोभेपुरतं नाही, ते काम करतं. तुमची शेडही बल्बच्या खाली चार बोटं उतरू द्या. आणि वजन वायरवर नको, वेगळी स्टीलची तार घ्या.

भट्टीवाली, पुणे
हे अगदी खरं. बल्ब एलईडीच, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्यात पोर्सिलेन निळसर, थंड दिसतं.