हिमोग्लोबिन कमी म्हणजे खाण्यातच खोट?

जास्वंद:
रोखठोक यांनी काल लिहिलं की बायकांचं हिमोग्लोबिन कमी राहतं, कारण त्या स्वतःच्या खाण्याकडे लक्ष देत नाहीत. आहार सुधारा, प्रश्न मिटला. वाचून डोकं सणकलं. दर महिन्याला जाणाऱ्या रक्ताचा हिशोब कुठे गेला? साधारण पाळीत 30-40 मिली रक्त जातं, 80 च्या पुढे गेलं की तो अतिस्राव. एक मिलीमागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे 80 मिलीला 40 मिलिग्रॅम. आतडं दिवसाला शोषणार एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही एक रोजच्या झिजेत जातं. ताट कितीही भरा, तूट राहणारच.

कॉलेजात असल्यापासून मला दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं. प्रत्येक डॉक्टरचा प्रश्न एकच, 'नीट जेवतेस ना?' गर्भाशयातली गाठ सापडली ती पस्तिशीत!

रोखठोक:
तुम्हाला गाठ होती, सगळ्यांना नसते. माझ्या बायकोचं हिमोग्लोबिन 9 होतं, जेवणाच्या वेळा आणि आहार बदलल्यावर 12 झालं. डोळ्यांनी पाहिलंय. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, हेही खोटं का?

स्लाइडवाली:
खोटं नाही. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तातली तपासणी, केली होती का दोघींची? साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. लॅबमध्ये रोज बघते, फक्त हिमोग्लोबिनचा आकडा बघून लोहाच्या गोळ्या सुरू. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही लोह कमी असल्यासारख्या लाल पेशी लहान दिसतात, पण लोहाचा साठा बहुधा भरलेला असतो. बी-12 कमी असेल तर पेशी उलट मोठ्या होतात. शरीरात आतून दाह (इन्फ्लमेशन) असला की फेरिटिन वाढून खरी कमतरता झाकली जाते. हुकवर्म हा जंत तर आतड्यातून रक्तच पितो. कारण शोधायचंच नाही तर तपासणी करता कशाला?

दोनलेकरं:
कारण काहीही निघो, हातात गोळीच ठेवतात. तिच्याबद्दल कोण बोलणार? दोन्ही बाळंतपणांत मळमळ, तोंडाला धातूची चव, काळी शी, चार-चार दिवस पोट साफ नाही. दुसऱ्या खेपेला निम्मी पाकिटं कपाटातच राहिली.

रोखठोक:
म्हणजे गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि मग रक्त कमी म्हणून रडायचं. हेच तर म्हणतोय मी!

दोनलेकरं:
तुम्ही चार दिवस संडासात बसून दाखवा, मग बोला. एका गरोदरपणाला साधारण 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. माझं दुसरं मूल दीड वर्षात झालं, पहिलीच तूट भरली नव्हती. ही माझ्या ताटाची चूक?

स्लाइडवाली:
गोळीवरून भांडू नका. लोहाचा डोस पोटात गेला की हेपसिडिन हे लोहाचं शोषण आवरणारं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं शोषण रोखतं. म्हणून काही डॉक्टर आता एक दिवसाआड देतात. त्रासही कमी होऊ शकतो. मनाने बंद करू नका, विचारून बदला. अगदीच सोसत नसेल तर शिरेतून देता येतं.

दोनलेकरं:
हे मला तेव्हा एकाने तरी सांगायचं होतं. 'सहन कर, बाळासाठी' एवढंच ऐकलं. गोळी बदलून मिळते हेही माहीत नव्हतं.

जास्वंद:
धागा गोळ्यांवर गेला, जाऊ दे, तेही गरजेचं होतं. पण रोखठोक, उत्तर बाकी आहे. जगात 15 ते 49 वयाच्या सुमारे 30 टक्के बायका अ‍ॅनिमिक आहेत. सगळ्याच निष्काळजी?

रोखठोक:
निष्काळजी हा शब्द मागे घेतो. अतिस्रावाचा मुद्दा धरला, बास? पण आहार दुय्यम आहे हे मी मान्य करणार नाही.

जास्वंद:
दुय्यम कोणी म्हटलं? जेवण विचाराच. पण त्याआधी पाळी किती दिवस चालते, गुठळ्या पडतात का, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, हे विचारा. मला वीस वर्षांत कोणी विचारलं नाही.