खरी मेख फिल्टरमध्ये आहे

जुन्या सिंथच्या (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) सॉफ्टवेअर आवृत्त्या निर्जीव वाटतात कारण त्यांच्या ऑसिलेटरचा (मूळ सूर तयार करणाऱ्या भागाचा) सूर जागचा हलत नाही, असं म्हणतात. निम्मंच पटतं. सूर किंचित डळमळता ठेवणं सोपं आहे, आता बऱ्याच प्लगइनमध्ये (म्हणजे अशा सॉफ्टवेअर सिंथमध्ये) त्यासाठी वेगळी नॉब असते. अवघड आहे तो फिल्टर, म्हणजे आवाजातला वरचा भाग कापणारा टप्पा. मिनीमूग या जुन्या सिंथच्या लॅडर फिल्टरमध्ये चार टप्पे असतात आणि रेझोनन्ससाठी (कापण्याच्या जागेजवळचा सूर उठावदार करण्यासाठी) शेवटच्या टप्प्याचा सिग्नल पुन्हा सुरुवातीला जोडलेला असतो. सर्किटमध्ये हे जवळपास त्याच क्षणी घडतं. जुन्या प्लगइनमध्ये मात्र हा परतीचा सिग्नल सहसा एक सॅम्पल (डिजिटल आवाजाची सर्वात छोटी पायरी) उशिरा पोचायचा. एक सॅम्पल म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल), ११ किलोहर्ट्झच्या सुरासाठी तेवढा उशीर म्हणजे चक्क पाव आवर्तन! म्हणून कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) वर नेला की रेझोनन्सचा सूर घसरतो. ‘झीरो डिले फीडबॅक’ पद्धतीत दर सॅम्पलला समीकरणं सोडवून हा उशीर काढतात. २०११ च्या ‘डिव्हा’ या प्लगइननं याच वाटेनं जाऊन कमाल केली, प्रोसेसरवर मात्र जबर ताण यायचा.

मी नवीन प्लगइन घेतलं की ऑसिलेटर बंद करतो, रेझोनन्स शिट्टी वाजेपर्यंत वाढवतो, की-ट्रॅकिंग (दाबलेल्या पट्टीनुसार कटऑफ सरकणं) पूर्ण ठेवतो आणि नुसता फिल्टर वाजवतो. एका जुन्या प्लगइनमध्ये वरचं सप्तक सरळ बेसूर लागलं होतं. तोवर मीही दोष ऑसिलेटरलाच देत होतो.