वॉशिंग्टनला खासदारांना भेटायला जायचंय, घरचा आजार किती सांगावा?

अबोली

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मला पॉलिसिस्टिक किडनी आहे. दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड धरतात आणि वर्षागणिक वाढत जातात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती मंदावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा, सध्या 1.9. आईलाही हेच होतं. मिरजेला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची आणि शेजारणीने विचारलं तर "दातांचं काम चालू आहे" म्हणायची. ती गेल्यावर तेराव्याला आत्याला खरं कळलं.

मार्चमध्ये किडनीच्या रुग्णांचा एक गट वॉशिंग्टनला खासदारांना भेटायला जाणार आहे, संशोधनाचा निधी वाढवून मागायला. मला चल म्हणताहेत. माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. एक, माझं ग्रीन कार्ड आहे, मला मत देता येत नाही. मग माझं कोण ऐकणार? दुसरी जास्त अवघड. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नातीचं लग्न व्हायचंय, चारचौघांत कशाला वाच्यता करतेस?" मुलगी 19 वर्षांची आहे, तिची तपासणी अजून केलेली नाही. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

कृष्णाकाठ

अबोलीताई, मी तुमच्याच आजाराचा. मूळ पलूसचा, आता मेरीलँडला. चार वेळा जाऊन आलोय, त्यातल्या पहिल्या दोन वेळा ग्रीन कार्डावरच. तिथे फक्त पत्ता विचारतात. तुम्ही ज्या मतदारसंघात राहता, कर भरता, तिथला खासदार तुमचाही आहे. मतदार आहात का, असं मला एकदाही कोणी विचारलं नाही.

खासदार स्वतः भेटतीलच असं धरून चालू नका. बहुतेक वेळा आरोग्याचे विषय बघणारा सहायक भेटतो, पंचविशीचा पोरगा किंवा पोरगी. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तीही कधी कधी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्यानं. पण त्यांनी वहीत लिहून घेतलेलंच पुढे जातं, तेव्हा त्यांना कमी लेखू नका.

पहिल्या वर्षी मी चुकलो. आजोबांपासून सुरुवात केली, वडील, काका, गावचं हॉस्पिटल, सगळं सांगत बसलो. ती मुलगी मन लावून ऐकत होती, म्हणून मीही बोलत गेलो. वेळ संपली, हात मिळवला, बाहेर आलो. सोबत ओहायोची एक बाई होती, स्वतः डायलिसिसवर असलेली. ती हळूच म्हणाली, "आपण पैसे मागितलेच नाहीत." त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तेव्हापासून मागणी पहिल्या वाक्यात. नाव, गाव, आजार, आणि लगेच अमुक कार्यक्रमाला यंदा अमुक इतका निधी द्या. घरची गोष्ट त्यानंतर.

हे दरवर्षी का मागावं लागतं, ते कळलं तर बोलताना जोर येतो, म्हणून थोडं मागचं सांगतो. 4 नोव्हेंबर 1971 ला शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने इथल्या संसदेच्या समितीपुढे, त्या खोलीतच, मशीन लावून डायलिसिस करून घेतलं. काही मिनिटंच, पण सभासदांच्या डोळ्यांदेखत रक्त नळीतून बाहेर येऊन परत गेलं. तोवर मशीन होती, पण खर्च कोणाला झेपत नव्हता, आणि कुणाला जगवायचं हे कमिट्या ठरवत होत्या. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1972 मध्ये कायदा झाला आणि मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, डायलिसिसचा खर्च उचलू लागलं. एका ग्लेझरने सगळं झालं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही बरीच वर्षं झटत होते. पण मागायला रुग्ण स्वतः गेला होता.

तर उपचाराचा पैसा कायद्याने मिळतो, त्यासाठी दरवर्षी हात पसरावा लागत नाही. संशोधनाचं तसं नाही. तो पैसा दर साली अर्थसंकल्पात नव्याने मंजूर व्हावा लागतो. मेडिकेअर किडनीच्या रुग्णांवर वर्षाला शंभर अब्जांहून जास्त डॉलर खर्च करतं, आणि सरकारचा किडनी संशोधनावरचा खर्च त्याच्या एक टक्काही भरत नाही. घर गळतंय आणि आपण नुसत्या बादल्या विकत घेतोय. हे मला मनापासून खटकतं, आणि तिथे मी ते तसंच बोलतो.

मागून मिळतं हेही खरं. 2018 मध्ये नव्या किडनी उपचारांसाठी किडनीएक्स नावाचा उपक्रम सुरू झाला, त्याला 2020 च्या अर्थसंकल्पात 50 लाख डॉलर मिळाले. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांचे पैसे मेडिकेअर बऱ्याच जणांना 36 महिन्यांनी बंद करायचं. किती वर्षं लोक त्यासाठी खेटे घालत होते! डिसेंबर 2020 मध्ये कायदा झाला, 1 जानेवारी 2023 पासून लागू. आपल्या आजारावरची टोलव्हॅप्टन ही पहिली गोळी इथे 2018 मध्ये मंजूर झाली. मी ती घेतो. रात्री तीनदा लघवीला उठतो, दर महिन्याला लिव्हरची तपासणी, पण किडनी घसरायची सावकाश झाली आहे. वडिलांच्या वेळी डॉक्टर "मीठ कमी करा" एवढंच सांगू शकत होते.

आता मुलीचं. सासूबाईंवर रागावू नका, आपल्याकडे सगळ्यांनी असंच केलंय. माझ्या वडिलांनीही लपवलं. त्यामुळे काकांना 46 व्या वर्षी, थेट इमर्जन्सीत कळलं. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं, कोणी मोजलंच नव्हतं. तरी एक पाळा: तुमचा आजार तुमचा आहे, तो खुशाल सांगा. मुलीचं नाव, फोटो, "तिलाही असू शकतो" हे वाक्य, यातलं काहीही तिला विचारल्याशिवाय उच्चारू नका. आईला असला की मुलीला व्हायची शक्यता पन्नास टक्के, पण तो प्रश्न तिच्या आयुष्याचा आहे. माझ्या मुलाने मला सांगितलं, "बाबा, मुलगा आहे म्हणा, नाव नको." मी तेवढंच म्हणतो.

अजून एक, कामाचं. तिची तपासणी करायची ठरलीच, तर आयुर्विम्याचं आधी बघा. 2008 च्या कायद्याने जनुकीय चाचणीवरून नोकरी आणि आरोग्य विमा यांत भेदभाव करता येत नाही, पण आयुर्विम्याला ते संरक्षण नाही.

आणि जाताना पुठ्ठा न्या. मी एमआरआयच्या मापाने माझी डावी किडनी पुठ्ठ्यातून कापली, 24 सेंटीमीटर. शेजारी साधी, 11 ची. बोलता बोलता दोन्ही टेबलावर ठेवली. त्या सहायक मुलीने लहान पुठ्ठ्यावर तळहात ठेवला, पुठ्ठा झाकला गेला. मग मोठ्यावर ठेवला. हात तसाच ठेवून तिने विचारलं, "हे आत्ता तुमच्या पोटात आहे?" आणि मग तिने पेन उघडलं.

शनिवारपेठ

मी पुण्याहून वाचतोय, बायको डायलिसिसवर आहे. आपल्याकडे रुग्ण आमदाराकडे जातो तो ओळखीची चिठ्ठी मागायला, संशोधन मागायला कोणी जात नाही. पण आंध्रात श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात गावंच्या गावं किडनीने आजारी पडली, कारण नीट सापडेना. लोकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये पलासाला संशोधन केंद्र आणि 200 खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे इथेही होतं. कृष्णाकाठ, तुमची ती एका वाक्यातली मागणी मराठीत लिहून द्याल का? आमच्या सेंटरवर शिफ्टला बारा जण असतात. अधिवेशनाआधी आमदारांना भेटून प्रश्न लावायला सांगावा म्हणतो.

कृष्णाकाठ

लिहून देतो, रविवारी. बाराही जणांची सही घ्या, आणि प्रत्येकाच्या नावापुढे गाव लिहा. आमदार गावं वाचतो.

अबोली

काल रात्री मुलीशी बोलले. भांडी आवरताना विषय काढला, समोरासमोर बसून धीर झाला नसता. ती म्हणाली, "आजीचं दातांचं मला आठवीतच कळलं होतं, तू बोलशील म्हणून थांबले होते." मग दोघी बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या होतो. ती माझ्याबरोबर येतेय. तिचं नाव घ्यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर ती ठरवेल. सासूबाईंना मीच सांगेन, पाडव्याच्या फोनला.

रिपोर्ट काढून ठेवलाय. डावी 19.4, उजवी 18. दोन्ही कापू का?

कृष्णाकाठ

दोन्ही. आणि चपटे बूट घाला, खासदारांच्या कचेऱ्या वेगवेगळ्या इमारतींत असतात, रेबर्नपासून हार्ट बिल्डिंगपर्यंत बरंच चालायचं आहे.