मारुती ईकोत पाण्याची टाकी बसवायची आहे: किती लिटरची घ्यावी, कशी बांधावी?

काच_लख्ख:

नमस्कार मंडळी. पुण्यात बावधन-बाणेर पट्ट्यात सोलर पॅनेल आणि ऑफिसांच्या काचा धुण्याचं काम करतो. आतापर्यंत गिऱ्हाइकाच्याच नळाला पाइप लावून भागवलं. पण निम्म्या ठिकाणी बोअरचं पाणी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर बुडवला की काही सोसायट्यांत ७०० च्या वर पळतो. पॅनेल वाळलं की पांढरे ठिपके, आणि चेअरमन विचारतात, "धुतलंय की चुना मारलाय?" म्हणून घरीच आरओ बसवून पाणी गाडीतून न्यायचं ठरवलंय.

सेकंडहँड ईको कार्गो घेतली आहे, पेट्रोल. टाकीवाल्याकडे ५०० लिटरची चौकोनी लॉफ्ट टाकी बघून ठेवली. मागच्या दोन चाकांच्या उंचवट्यांमध्ये फिट्ट बसते, माप घेतलंय. तो म्हणाला, "नायलॉनच्या दोरीने दोन्ही बाजूंना आवळा, पाण्याचंच एवढं वजन आहे, जाते कुठे?" पुढे माझ्या शेजारी सामान असतं, त्यामुळे हाताखालचा पोरगा मागे टाकीला टेकून बसेल.

एका पॅनेलला मला साधारण दोन लिटर पाणी लागतं. ५०० लिटर म्हणजे अडीचशे पॅनेल, एका दिवसाचं काम निघतं. घेऊ का ही टाकी? कुणी केलंय का असं?

घाटमाथा:

मी नर्सऱ्यांना पिकअपमधून पाणी टाकतो. दादा, काठोकाठ भरलेली टाकी तेवढा त्रास देत नाही, रिकामी तर नाहीच. अर्धी झालेली टाकी गाडी चालवते, आपण नुसतं स्टिअरिंग धरायचं. ब्रेक मारला की आधी गाडी थांबते, मग पाणी येऊन पुढे धडकतं आणि गाडी पुन्हा हातभर सरकते. वळणावर तर विचारू नका. भूगावकडून चांदणी चौकात एकदा अर्ध्या टाकीने येऊन बघा म्हणजे कळेल. आणि तुमचं काम असं की दुपारनंतर टाकी कायम अर्धीच असणार.

भोसरीकर:

फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, भाजीच्या टेम्पोचे रॅक, जनरेटरच्या फ्रेम, असलीच कामं. म्हणून चार शब्द जास्त लिहितो.

पहिलं, टाकी गाडीत मावते का हे बघून घ्यायची नसते. आरसी काढा. त्यावर मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा. उदाहरणाला ६०० किलो धरू. त्यातून तुम्ही दोघं १४० गेलात. पंप, बॅटरी, पाइपाचं रीळ, पोल, शिडी मिळून ९० धरा. टाकी, फ्रेम आणि खालचं प्लाय ७०. उरले ३००. लिटरला किलो, म्हणजे ३०० लिटर. झाला तुमचा टाकीचा साइज. पाचशे लिटर भरून निघालात तर दोनशे किलो ओव्हरलोड, तेही रोज. ब्रेक लायनर आणि टायर कधी बदलायला आले होते ते विसरूनच जा. ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० पासून सुरू होतो, वर जादा टनाला २,००० वेगळे. नक्की आकडा हवा तर सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर चढवा. शे-दीडशे रुपयांत पावती मिळते.

दुसरं, ती लॉफ्ट टाकी. ती बाथरूमच्या माळ्यावर गप पडून राहण्यासाठी केलेली असते. भिंती पातळ, आत पाणी अडवणारे आडवे पडदे नाहीत. भरली की पोट सुटतं, दोरी तेव्हा घट्ट वाटते. दुपारी पाणी संपत आलं की पोट आत जातं आणि दोरी लोंबते. नेमकं घाटमाथा म्हणतात तेव्हाच, पाणी सगळ्यात जास्त हिंदकळतं तेव्हा, तुमची बांधणी ढिली.

माझं मत: एक मोठी नको, दीडशे-दीडशेच्या दोन घ्या, जाड एचडीपीई प्लास्टिकच्या. मध्ये जोडपाइप आणि त्यावर बॉल व्हॉल्व्ह. चालताना व्हॉल्व्ह बंद. काम करताना आधी एक पूर्ण संपवायची, मग दुसरी. म्हणजे कधीही फार तर एकच टाकी अर्धी असेल आणि हिंदकळणारं पाणी निम्म्यावर येईल. झाकण चुडीचं हवं आणि त्यात हवेला बारीक भोक हवं, नाहीतर पंप ओढायला लागला की टाकी आत चेपते. मी एक अशी चेपलेली बघितली आहे, उसाच्या चिपाडासारखी झाली होती.

तिसरं, दोरी. हिशेब सांगतो. ४० च्या स्पीडला गाडी कशाला तरी धडकली आणि पाऊण मीटराच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर येतो. ३०० किलो पाणी त्या क्षणी अडीच-तीन टन असतं. ८० च्या स्पीडला चौपट. "वजन आहे, जाते कुठे" म्हणणाऱ्याला हे दाखवा. ती पुढेच जाते, आणि पुढे तुम्ही बसलेले असता. सीटमागची जाळी सामान अंगावर येऊ नये म्हणून असते, तीन टन अडवायला नाही.

आणि तो पोरगा मागे बसणार नाही. टाकीला टेकून तर नाहीच. पुढचं सामान मागे टाका, त्याला पुढे बेल्ट लावून बसवा. हे जमत नसेल तर टाकीचा विषयच बंद करा.

काच_लख्ख:

पोराचं पटलं, सामान मागे. पण मग बांधायची कशी? गॅरेजवाला म्हणतो, फ्रेम थेट फ्लोअरला वेल्ड करून देतो, एका तासाचं काम.

भोसरीकर:

वेल्ड अजिबात नको. फ्लोअरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास. त्यावर अँगल वेल्ड केला की कडेने पत्रा जळून आणखी पातळ होतो आणि तिथूनच फाटतो. शिवाय पत्र्याखाली पेट्रोलची टाकी. असल्या जागी ठिणग्या पाडणाऱ्या माणसाकडे गाडी देऊच नका.

फ्रेम वेगळी करायची. ४० बाय ४० चा स्क्वेअर पाइप, २ एमएम जाडीचा, मीटरला सव्वादोन-अडीच किलो पडतो. खाली चौकट, चार कोपऱ्यांना उभे, वर दुसरी चौकट. टाकी आत ठेवायची आणि वरची चौकट बोल्टने आवळायची, म्हणजे टाकी वर उडायची सोय नाही. पुढच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला दोन तिरके आधार खालच्या चौकटीपर्यंत आणा. जोर तिकडेच येणार, मागे कितीही सजवलं तरी उपयोग नाही. टाकीखाली पाच एमएमचं रबर मॅट, नाहीतर फ्रेमचा काठ प्लास्टिक घासून घासून भोक पाडतो.

आता फ्लोअरला धरायचं कसं. लोक बोल्ट जाड घेतात आणि निर्धास्त होतात. ८.८ ग्रेडचा १२ एमएम बोल्ट सरळ ओढला तर पाच टनांपर्यंत हूं की चूं करत नाही. बोल्ट तुटत नसतो, पत्र्यातून वॉशरसकट उपसून वर येतो. म्हणून खालून प्लेट हवी: प्रत्येक बोल्टला १०० बाय १०० ची, ५-६ एमएम जाड, कोपरे ग्राइंडरने गोल केलेली. नाहीतर प्लेटचा कोपराच पत्रा कापतो. जमेल तिथे बोल्ट फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरजवळ, म्हणजे आडव्या जाड पट्टीजवळ आणा. नायलॉक नट वापरा, साधा नट आपल्या रस्त्यांवर सुटतो. भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून खडूने खुणा करा: पेट्रोल टाकी, ब्रेक पाइप, वायरिंग. आधी खालून बघायचं, मग वरून ड्रिल. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड आणि वर सीलंट. पाण्याचीच गाडी आहे, गंज वर्षभरात दिसतो.

जागा: सीटच्या मागे लगेच, मागच्या एक्सलच्या पुढे. तुम्ही मापं घेतली ती चाकांच्या मधली, तिथून टाकी मागे सरकली की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग पोकळ लागतं.

फ्रेम बोल्टवर सुटणारी ठेवा. आरसीतल्या तपशिलाबाहेर गाडीत फेरफार केला तर कलम ५२ आडवं येतं, हे आरटीओच्या माणसाला आधीच विचारून घ्या. इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा.

गारठ्यातली_वैदर्भी:

मिल्टन कीन्समधून लिहितेय. माझा नवरा इथे खिडक्या धुण्याचाच व्यवसाय करतो. इकडे जवळजवळ सगळे व्हॅनमध्ये शुद्ध पाण्याची टाकी आणि लांब पोल घेऊन फिरतात, शिडी फारशी काढतच नाहीत. इथलंही पाणी खडूच्या दगडातून येतं, त्यामुळे ठिपक्यांचं दुखणं अगदी तुमच्यासारखंच. आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनचं भांडं लावून टीडीएस शून्यावर आणतात, मग काच पुसावीच लागत नाही. पॅनेलसाठी तुम्हाला एवढं करायची गरज नाही, पण ऑफिसच्या काचांना फरक दिसेल.

भोसरीकर दादांचं बरोबर आहे. इथल्या नियमातही सामान पुढच्या दिशेने त्याच्या पूर्ण वजनाइतका आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर सोसेल असं बांधायला सांगतात. तो आकडा मात्र जोराच्या ब्रेकचा, धडकेचा नव्हे. म्हणून इकडे धडक-चाचणी केलेल्या तयार फ्रेम मिळतात. महाग असतात. आम्ही घेतली, त्यावरून घरात भांडणही झालं, आणि भांडण मी जिंकले.

एक वेगळी गोष्ट. साठवलेलं कोमट पाणी फवारायचं असेल तर लिजिओनेला नावाचा जंतू लक्षात ठेवा. २० ते ४५ डिग्रीच्या पाण्यात तो वाढतो आणि तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. इथे पाणी वीसच्या खाली ठेवा म्हणतात, आपल्याकडे मे महिन्यात ते कुठून जमणार! म्हणून रात्री टाकीत पाणी ठेवूच नका. संध्याकाळी रिकामी, झाकण उघडं. उजेड आत न जाणारी काळी टाकी घ्या, शेवाळ धरत नाही.

काच_लख्ख:

ताई, दादा, घाटमाथा, सगळ्यांचे आभार. आरसी काढली. वजाबाकी ६०० पेक्षा थोडी कमीच आली, त्यामुळे १४० च्या दोन काळ्या टाक्या बघतो. दिवसाला एकशे चाळीस पॅनेल होतील, उरलेली दुसऱ्या दिवशी. नाहीतर आरओ घरीच आहे, दुपारी एक फेरी मारून पुन्हा भरता येईल.

एकच शंका राहिली. पुढच्या वर्षी गाडीला सीएनजी लावायचा विचार आहे. तेव्हा फ्रेम काढावी लागेल का?

भोसरीकर:

सिलिंडर, त्याचं ब्रॅकेट आणि किट धरून साठ-सत्तर किलो तिथेच जातात. तेवढं पाणी कमी करावं लागेल. शिवाय सिलिंडर मागेच बसवतात आणि त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला हवा. सीएनजी नक्की असेल तर आधी तो बसवून आरसीवर नोंद करून घ्या, मग उरलेल्या जागेचं आणि वजनाचं माप घेऊन माझ्याकडे या. फ्रेम दोनदा करायला मला काही नाही, पैसे तुमचे जातील.