दुसऱ्या मजल्यावरील धूर आणि खेळण्यांच्या बॅटऱ्या : बी विंगच्या ग्रुपवरील चर्चा

जाधव (बी २०३) : काल दुपारी आमच्या दारासमोर जो धूर झाला, त्याबद्दल आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एक शब्दही आला नाही, म्हणून नाइलाजाने मीच लिहीत आहे. पॅसेजमधील शू रॅकवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवून रिमोटच्या गाडीची बॅटरी चार्जिंगला लावली होती, जवळ कोणीही नव्हते, आणि ती बॅटरी पुरीसारखी टम्म फुगून फुटली. पायपुसणे जळाले असून भिंतीवर हातभर काळा डाग पडला आहे. माझ्या आईला दमा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. सामाईक पॅसेजमध्ये शू रॅक, बोर्ड, चार्जिंग यांपैकी काहीही नसावे.

साळुंखे वहिनी (बी २०४) : जाधव भाऊ, काल रात्रीच मी आईंची विचारपूस करायला आले होते आणि तुमची क्षमाही मागितली होती. तरीही ग्रुपवर लिहायचेच होते, तर तेही लिहायला हवे होते. सासूबाई आत झोपल्या होत्या, त्यांच्या खोलीजवळ बॅटरी नको या विचारानेच मी ती दाराबाहेर लावली, आणि ती माझी चूक झाली. मात्र ती गाडी आम्ही विकत आणलेली नाही. गणपतीतील चित्रकला स्पर्धेचे बक्षीस म्हणून सोसायटीनेच ती २२ मुलांना दिली होती. म्हणजे तशाच २१ गाड्या आजही आपल्या घरांत आहेत, आणि मला खरी काळजी त्यांची आहे.

सेक्रेटरी (बी १०१) : वहिनी, बक्षिसांचा खर्च सभेत सर्वांनी मंजूर केला होता आणि खरेदीसाठी माझ्याबरोबर यायला त्या वेळी कोणालाही सवड नव्हती, याची नम्र आठवण करून देतो. भागवत काकांनी बॅटरी पाहिली आहे. त्यांचे मत ऐकून पुढे बोलावे.

भागवत काका (बी ३०२) : बॅटरी मी रात्रीच बागेतील वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. तिच्यावर ३.७ व्होल्ट आणि ५०० एमएएच असे छापलेले आहे. असा लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर चार्जिंग थांबलेच पाहिजे. त्यापुढे तो भरत राहिला, तर आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो, चंदेरी पाकीट फुगते, आणि उष्णता वाढतच गेली की ते फाटते. आता केबल पाहा. गाडीसोबतची केबल हरवल्यामुळे वहिनींनी थोरल्याच्या जुन्या गाडीची केबल लावली होती, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ४.८ व्होल्ट लिहिले आहे. ती निकेल-कॅडमियम या जुन्या, वेगळ्या प्रकारच्या बॅटरीची केबल आहे. मी तिचे वेष्टन उघडून पाहिले, तर आत एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाह कमी करणारा छोटा भाग, आणि एक लाल दिवा एवढेच आहे, बॅटरी भरल्यावर प्रवाह तोडणारे काहीही नाही. दोन्हींचा प्लग मात्र हुबेहूब सारखा आहे, त्यामुळे वहिनींना शंका येण्याचे कारणच नव्हते. त्यातच ती बॅटरी जवळजवळ पाच तास लावलेली राहिली.

जाधव (बी २०३) : केबल कोणतीही असो, सामाईक पॅसेजमध्ये शू रॅक, बोर्ड, चार्जिंग यांपैकी काहीही नसावे.

कदम (बी ६०२) : माझा फोन रोज रात्रभर चार्जिंगला असतो आणि आजवर काहीही झालेले नाही. एका घटनेवरून एवढी भीती कशासाठी पसरवायची?

भागवत काका (बी ३०२) : कदम, फोनमध्ये व्होल्टेज आणि तापमान यांवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. स्वस्त खेळण्यात ती बहुधा केबलच्या टोकाशी असलेल्या एवढ्याशा डबीत असते, आणि केबल बदलली की ती यंत्रणाच नाहीशी होते. शिवाय फोन कोणी जिन्यावरून खाली सोडत नाही. या गाड्या दिवसभर आपटतात, आतील पाकिटाला खोक पडते, आणि मुले खेळून आली की तीच तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावतात. ती हाताला गार लागेपर्यंत, निदान अर्धा तास, थांबायला हवे. मी कोणाला घाबरवत नाही. मोठे माणूस घरात जागे असताना, उघड्या फरशीवर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर गॅसपासून दूर, गाडीतून बाहेर काढून आणि तिच्याच केबलने बॅटरी लावली, तर धोका फारच कमी होतो. गादी, सोफा आणि पडदा यांच्या जवळ ती कधीही लावू नये.

देसाई (बी ४०३) : माझ्याकडे एक फॉरवर्ड आला आहे की, लिथियमच्या आगीवर पाणी टाकले तर स्फोट होतो. हे खरे आहे का? आणि फोनच्या ६५ वॉटच्या चार्जरला खेळण्याची केबल लावली तर चालते का? आमच्याकडे स्टीलच्या डब्यात ठेवून चार्ज करण्याची पद्धत आहे, तीही योग्य आहे का, तेवढे सांगावे.

भागवत काका (बी ३०२) : तो फॉरवर्ड पुढे पाठवू नये. शुद्ध लिथियम धातूची गोष्ट वेगळी आहे. या छोट्या लिथियम-आयन बॅटरीवर भरपूर पाणी टाकले तर ती थंड होते आणि आग पसरत नाही. मात्र त्याआधी मेन स्विच बंद करावा, आणि धूर विषारी असल्याने तो छातीत जाऊ देऊ नये. आग आवाक्याबाहेर वाटली, तर घराबाहेर पडून १०१ ला फोन करावा. खेळण्याच्या साध्या केबलला मोठ्या चार्जरमधूनही ५ व्होल्टच मिळतात. तरीही खोक्यावर ५ व्होल्ट १ अँपिअर लिहिले असेल, तर तसाच जुना चार्जर वापरणे उत्तम. डब्याचे घट्ट झाकण लावू नये, कारण वायूला वाट मिळाली नाही तर डबाच फुटेल. शिवाय स्टीलला उघड्या तारा टेकल्या तर शॉर्ट होईल.

सेक्रेटरी (बी १०१) : मी आत्ताच उरलेले खोके पाहून आलो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि या खोक्यावर ते कोठेही नाही. घाऊक दुकानात भाव पाहिला, चिन्ह पाहिले नाही. वहिनी, मघाशी मी खर्चाचा विषय काढायला नको होता. सर्व गाड्यांच्या बॅटऱ्या सोसायटी परत घेईल आणि मुलांना दुसरे बक्षीस देईल.

जाधव (बी २०३) : हे योग्य आहे. परंतु सामाईक पॅसेजमध्ये शू रॅक, बोर्ड, चार्जिंग यांपैकी काहीही नसावे, हा ठरावही येत्या सभेत यावा.

साळुंखे वहिनी (बी २०४) : आमचा शू रॅक आज सकाळीच आत गेला आहे, जाधव भाऊ. दार उघडून पाहिले असते तर दिसले असते.

भागवत काका (बी ३०२) : जमा करण्यापूर्वी प्रत्येकाने बॅटरीच्या प्लगच्या तोंडाला चिकटपट्टी लावावी. बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. गाडीत कचरा दाबला जातो, त्यात बॅटरी चिरडली तर तेथील माणसांच्या हातापायांशी आग लागेल. सर्व बॅटऱ्या मी स्वतः ई-कचरा केंद्रावर नेऊन देईन.

जोशी आजी (बी ५०१) : भागवत, आमच्या नातवाच्या गाडीचे खालचे झाकण दिवाळीपासून बसत नाही, म्हणून मी त्याला रबर लावून ठेवले आहे. तुमचे वाचून आत्ता रबर काढले, तर आतील बॅटरी उशीसारखी फुगलेली आहे आणि नेलपॉलिश काढण्याच्या औषधासारखा गोडसर वास येतो आहे. नातू उद्या ती चार्ज करणार होता.

भागवत काका (बी ३०२) : आजी, ती दाबू नका, टोचू नका आणि पुन्हा कधीही चार्जिंगला लावू नका. तापलेली नसेल तर गाडीसकट उचलून बाल्कनीतील मोकळ्या फरशीवर ठेवा, खिडक्या उघडा आणि नातवाला आतल्या खोलीत बसवा. मी वाळूची बादली घेऊन लगेच येतो.

जाधव (बी २०३) : काका, बादली जड आहे आणि लिफ्ट सकाळपासून बंद आहे. तुम्ही थांबा, मी बागेतून घेऊन वर जातो.

जोशी आजी (बी ५०१) : गाडी गार आहे. कुंड्या बाजूला करून फरशीवर ठेवली आहे. दार उघडेच ठेवते.