गड्ड्यापर्यंत ईकोतच मुक्काम: शेगडी चालेल का, आतून काय लावावं?

स्टॉल_होम_मैदान
नमस्कार मंडळी. डिसेंबरपासून गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपेपर्यंत मी आणि धाकटा भाऊ आमच्या मारुती ईको व्हॅनमध्येच राहणार आहोत. दिवसा होटगी रोड आणि जुळे सोलापुरात विक्री, जानेवारीत होम मैदानावर स्टॉल. मागची सीट काढली आहे, आत पत्रा उघडाच आहे. रात्री काचा लावल्या तर सकाळी आत सगळं पाणी पाणी होतं, उघड्या ठेवल्या तर पहाटे हुडहुडी भरते. काच थोडी उघडी ठेवून कोळशाची छोटी शेगडी चालेल का? पत्र्याला आतून काय लावावं? आणि इन्व्हर्टरवर छोटा हीटर चालतो का?

एमएच१३_रात्रपाळी
शेगडी नको. काच अर्धी उघडी ठेवली तरी नको. ज्वाळ बसून नुसते लाल निखारे उरले की धूर दिसत नाही, आणि लोक नेमकी तेव्हाच शेगडी आत घेतात. पण कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे थोडा थोडा वायूसुद्धा रात्रभर अंगात साठत जातो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं हे जाग्या माणसाला कळतं. झोपलेल्याला कळत नाही, आणि कळलं तरी दार उघडायला हात उचलत नाही. विझवलेली शेगडीही राखेखाली तासन् तास धुमसते, म्हणून संध्याकाळी बाहेर शेकून झाल्यावर ती बाहेरच राहू द्या.

इंजिन चालू ठेवून झोपणं हाही तोच धोका. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलल्यावर जे झाकण दिसतं त्याच्या कडेची रबरी पट्टी कडक होऊन चिरली असेल, किंवा सायलेन्सरचा जोड गळत असेल, तर उभ्या गाडीत खालचा धूर सरळ आत येतो. ती पट्टी या आठवड्यात तपासाच, चालत्या गाडीतही तिचं काम आहे.

सेलवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म घ्या आणि झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला लावा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून तो तळाशी लावायचा. एकाचं काम दुसरा करत नाही. आणि स्वयंपाक बाहेर. नुसता भात शिजवला तरी वाफेनं काचा भरतात, गॅसचा धोका वेगळाच.

पत्रा_आणि_फोम
सकाळचं पाणी बाहेरून येत नाही, ते तुमच्या दोघांच्या श्वासाचं आणि घामाचं आहे. आठ तासांत दोन माणसांचं मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास होतं. छप्पर उघड्या आभाळाखाली असतं, म्हणून पहाटे पत्रा हवेपेक्षाही थंड पडतो आणि सगळी वाफ तिथे जाऊन बसते. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण १४-१५ अंश, लाट आली तर १० च्या आसपास. एवढ्या थंडीला हीटर लागत नाही. अंग कोरडं आणि खालून उबदार ठेवलं की भागतं.

पत्र्याला एसीच्या डक्टवर लावतात तो काळा नायट्राइल फोम लावा, १० मिमी. एसीचं साहित्य विकणाऱ्यांकडे चिकट पाठीचाही मिळतो. आधी पत्रा थिनरनं पुसा, गंज असेल तर घासून प्रायमर मारा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात गोंद सुटून फोम लोंबायला लागतो. छपराच्या आडव्या लोखंडी पट्ट्याही झाका. सपाट पत्रा झाकून पट्ट्या उघड्या सोडल्या की सगळं पाणी पट्ट्यांवर जमतं आणि बरोबर तोंडावर टपकतं. सुटा गोंद वापरला तर दारं उघडी ठेवून दोन दिवस वास जाऊ द्या, त्या रात्री आत झोपू नका.

दारांच्या पोकळीत मात्र काही कोंबू नका. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतच असतं आणि दाराच्या खालच्या कडेला ते जायला बारीक भोकं असतात. फोमचा एक तुकडा तिथे अडकला की पाणी साठतं आणि दार आतून खालून सडतं. बाहेर फुगा दिसेपर्यंत पत्रा संपलेला असतो. आत्ताच एक काडी घालून ती भोकं मोकळी करून घ्या.

चकाकता बबल शीट पत्र्याला चिकटवून उपयोग नाही. समोर हवेची फट असेल तरच त्याची चकाकी काम करते. काचांसाठी तो चांगला. पुठ्ठ्यावर काचेचा आकार काढा, चारी बाजूंनी १ सेंमी वाढवून कापा, म्हणजे रबरात दाबून बसतो. दुपारी ३० अंशांत गाडी तापते, तेव्हाही तो उपयोगी पडेल.

स्टॉल_होम_मैदान
शेगडी रद्द. फोम बघतो. पण मग काचा उघड्या ठेवायच्या की बंद?

पत्रा_आणि_फोम
दोन ठिकाणी उघड्या, समोरासमोर नव्हे तर तिरक्या. पुढची एक दोन बोटं खाली, मागची विरुद्ध बाजूची तेवढीच सरकवलेली. एकच फट ठेवली तर हवा फिरत नाही. पुढच्या दारांना पावसाळी व्हायझर असेल तर फट बाहेरून दिसत नाही आणि दवही आत येत नाही. फटीला मच्छरदाणीचा तुकडा चुंबकांनी लावा, थंडीतही डास आहेतच.

आता अंथरूण, कारण थंडी वाजते ती खालून. अंगाखाली गादी दबते आणि दबलेली गादी ऊब धरत नाही. तळाला फोम, त्यावर १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, मग चार इंची गादी, आणि गादीवर घोंगडी. घोंगडी अंगावर नाही, अंगाखाली. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. आपली सोलापुरी चादर सुती आहे, ओल धरली की गार पडते, म्हणून ती वरच्या थरांत घ्या, एक जाड पांघरण्यापेक्षा दोन. सकाळी गादी उभी करा. प्लायवर तशीच पडून राहिली तर दोन-तीन आठवड्यांत खालून काळी बुरशी धरते. पत्र्याला टेकलेली कडा आधी तपासायची.

वायरिंग_जुळे_सोलापूर
हीटरचं गणित सांगतो. १२.८ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. १००० वॉटचा हीटर लावला की इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून ९० अँपिअर ओढले जातात. तासाभरात बॅटरी संपते आणि वायर बारीक असेल तर त्याआधी वायर वितळते. त्याऐवजी १२ व्होल्टचं ४५ वॉटचं गरम पांघरूण झोपायच्या आधी एक तास लावा, खर्च ४५ वॉट-तास. किंवा काहीच वीज नको: एक लिटर ७० अंशांचं पाणी रबरी पिशवीत भरून पायाशी ठेवा. ते ३५ पर्यंत निवेस्तोवर ४० वॉट-तास ऊब देतं. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, मग बूच लावा.

चार्जिंगसाठी गाडीच्या बॅटरीला दुसरी बॅटरी सरळ जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग) तापून जातो. मध्ये करंट आवरून धरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, १० चौरस मिमी तांब्याची वायर, दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. तासभर गाडी चालली की साधारण २० एएच भरते. दिवे, मोबाइल, पंखा एवढ्याला पुरे. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नये म्हणतात, ती अडचण इथे येत नाही. इथे उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरी भाजते, तेव्हा मे महिन्यात ती काढून घरात ठेवा.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. पलंग वेल्डिंग करू नका, सीटच्याच बोल्टच्या जागांवर उघडता येईल असा बसवा.

एमएच१३_रात्रपाळी
जागेचं राहिलं. कंबर तलावाच्या किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठाला रात्री गाडी लावू नका. गार हवा खोलगट जागी उतरून बसते, शिवाय पाण्याचा दमटपणा. थोडी उंच जागा, पूर्वेला भिंत किंवा इमारत, कारण थंडीत वारं बहुतेक तिकडूनच येतं. फक्त भिंत गाडीपासून चार-पाच पावलं तरी लांब असू द्या, म्हणजे सातनंतरचं ऊन लवकर छपरावर येईल आणि दारं उघडली की तासाभरात आतला ओलावा उडेल. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर असाल तर आदल्या रात्रीच गाडी काढून घ्या, सकाळी हलवायला जागा मिळत नाही.