गाडीची काच आतून कितीही पुसली तरी फराटे राहतात, काय करावं?

नाशिक_पुणे_फेरी

मंडळी, दर आठवड्याला नाशिक-पुणे ये-जा असते आणि परतीचा प्रवास रात्रीचाच. दिवसा काच एकदम चकाचक वाटते, पण संगमनेर ओलांडलं की समोरून अप्पर (हेडलाइटचा प्रखर वरचा झोत) मारत ट्रक आला की पूर्ण काचेवर पांढरट धुकं पसरल्यासारखं होतं, त्यात गोल गोल फराटे, दोन सेकंद रस्ताच दिसत नाही. परवा कडेने चाललेला सायकलवाला अगदी जवळ आल्यावर दिसला, तेव्हापासून जाम भीती बसलीय. जुना बनियन, वर्तमानपत्र, बाजारातला निळा स्प्रे सगळं करून झालं. स्प्रे जास्त मारला तर अजूनच वाईट. गाडी दोन वर्षांचीच आहे, काच खराब झाली असेल का? बदलायला लागेल का?

डोंबिवलीचा_दादा

काच बिलकुल बदलू नका! हे आतल्या बाजूचं तेलकट थर आहे. गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफा निघतात आणि त्या काचेवर जाऊन बसतात, नवीन गाडीत तर जास्तच. त्यात डॅशबोर्डला चमकवायचं पॉलिश मारत असाल तर तेही थोडं काचेवर जातंच, ते आधी बंद करा. बनियनने हा थर निघत नाही, नुसता इकडचा तिकडे सरकतो आणि वर स्प्रे जास्त झाला की तोही तिथेच सुकतो, तुमचे फराटे म्हणजे हेच.

मी काय करतो सांगतो. दोन फडकी घ्यायची, दोन्ही मायक्रोफायबर, पण टॉवेलसारखं जाड केसाळ नको, काचेसाठी बारीक विणीचं सपाट मिळतं ते. स्प्रे काचेवर नाही, फडक्यावर मारायचा, दोन-तीन फवारे बास. पहिल्या फडक्याने पुसायचं आणि ओल वाळायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने, बाजू बदलत बदलत. एकदम सगळी काच घेऊ नका, अर्धी अर्धी करा. आणि आतून आडवे हात मारा, बाहेरून उभे. नंतर एखादी रेघ दिसली तर आडवी म्हणजे आतली, उभी म्हणजे बाहेरची, शोधत बसायला लागत नाही.

खालचा कोपरा जिथे काच डॅशबोर्डला टेकते तिथे हात पोचत नाही ना? ड्रायव्हरच्या बाजूने स्टिअरिंग आड येतं, शेजारच्या सीटवर बसा, फडकं बोटांवर धरा, तळवा वर, आणि हात पालथा न करता तसाच आत सरकवा. बरोबर पोचतो.

कोल्हापूरची_सुमा

दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त फडकं धुण्याचं राहिलं आणि माझी सगळी फसगत तिथेच झाली होती. मी ती फडकी घरच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकायचे, वरून सुगंधी कंडिशनर. त्या कंडिशनरचा मेणकट थर धाग्यांवर बसतो, मग फडकं पाणी ओढत नाही आणि काचेवर तोच थर उमटतो. चांगलं महागाचं फडकं घेऊनसुद्धा रेघा का येतात म्हणून मी महिनाभर स्प्रे बदलत बसले होते. आता काचेची दोन फडकी वेगळी, साध्या लिक्विड साबणाने कोमट पाण्यात धुते, सुती कपड्यांबरोबर अजिबात नाही कारण त्यांचा सगळा लिंट (बारीक धागे-तंतू) या फडक्यांना चिकटतो, आणि सावलीत वाळवते. नवीन आणलेलंही एकदा धुऊनच वापरा.

वॉशिंग_सेंटरवाला_नगर

आमच्याकडे रोज गाड्या येतात म्हणून दोन शब्द. पाणी कुठलं वापरता? बोअरच्या पाण्याने काच धुऊन उन्हात वाळली की क्षार बसतात, पांढरे ठिपके. ते कुठल्याच काचेच्या स्प्रेने जात नाहीत. साधा पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून दोन-तीन मिनिटं ठिपक्यांवर ठेवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. पेंटवर ओघळू देऊ नका. शेवटचं पुसायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालायला मिळतं तेच, स्वस्त आहे.

आतला तेलकट थर फारच जुना असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर चार-पाच भाग. दारं उघडी ठेवून करा आणि जवळपास काडी-सिगरेट नको. काचेला आतून उन्हासाठीची फिल्म चिकटवलेली असेल तर अमोनिया असलेला क्लीनर लावू नका, फिल्म खराब होते. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) बारीक तारा असतात, तिथे तारांच्या दिशेनेच पुसा, आडवंतिडवं घासू नका. आणि सगळं सावलीत, काच हाताला गार लागल्यावर. बाजूच्या काचा दोन बोटं खाली करून वरची कड पुसा, मळ तिथे रबराखाली लपलेला असतो. बाहेरून फराटे फक्त वायपर फिरल्यावर येत असतील तर वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसून बघा, फडकं काळंकुट्ट होईल.

नाशिक_पुणे_फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार! रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सावलीत केलं. पहिलं फडकं काचेच्या खालच्या अर्ध्या भागातच पिवळट-करडं झालं, विश्वास बसेना की एवढं आत होतं. तीनदा बाजू बदलली, मग दुसरं फडकं फिरवताना काच चक्क कुरकुरायला लागली. वर्तमानपत्र आणि पॉलिश दोन्ही बंद. काल रात्री आलो, समोरून ट्रकचा अप्पर आला तेव्हा रस्त्याची पांढरी कड शेवटपर्यंत दिसत होती. सुमाताई, फडकी वेगळ्या पिशवीत ठेवलीत, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की मशीनला लावायची नाहीत. उजव्या कोपऱ्यात एक उभी रेघ आहे अजून, म्हणजे बाहेरची, ती उद्या बघतो.